ओसरीवरच्या पोरांचं नेट

वरुड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्र थोडं आवरून देतो.

"काका, आमचं घर गावाच्या टोकाला, मागे आठ एकर संत्रा. दोन वर्षांपूर्वी गावात फायबर आलं तेव्हा पहिल्या फटक्यात आम्ही कनेक्शन घेतलं. मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करतो. गेल्या वर्षी विहिरीवरच्या मोटरीची केबल चोरीला गेली, म्हणून चार कॅमेरे लावले. मोबाईलवर छान दिसतात. संध्याकाळी गल्लीतली सहा-सात पोरं ओसरीवर अभ्यासाला येतात. दोघं पोलीस भरतीची तयारी करतात, बाकीची शाळेतली. कोणाकडून रुपयाही घेत नाही. आता नेटवाला म्हणतो, 'काकू, घरच्या लाइनवर बाहेरचे पोट्टे बसवता येत नाई. कॅमेरेही चालत नाई, त्याले स्टॅटिक आयपी लागते. बिझनेस प्लॅन घ्या, नाईतर लाइन काटावी लागते.' तो प्लॅन दुपटीहून महाग आहे. शिवाय रिचार्जच्या आधीचे चार-पाच दिवस नेट असं मरतं की व्हॉट्सॲपवर फोटो जात नाही. विचारलं तर म्हणतो, तुम्ही जास्त वापरता. प्लॅन तर अनलिमिटेड आहे! शेजारी राहणारा दीर म्हणतो, मला वायर द्या, अर्धे पैसे मी देतो. गावात दुसरा नेटवाला नाही, आणि हा पोरगा नात्यातला. भांडावं की गप्प बसावं?"

ताई,

भांडण काढायचं कारण नाही, पण गप्प बसायचंही नाही. नेटवाल्याने तुम्हाला एका दमात चार गोष्टी सांगितल्या. त्यातली एक बहुधा खरी आहे, एक अर्धी खरी आहे आणि दोन त्याने ऐकीव माहितीवर ठोकून दिल्या आहेत. कोणती कोणती ते पुढे येईलच. पण चारही गोष्टींना तुम्ही एकच प्रश्न विचारायला हवा होता: हे कुठे लिहिलंय, ते दाखव. इंटरनेटच्या बाबतीत आपल्याकडे जे नियम आहेत ते बरेचसे ग्राहकाच्या बाजूचे आहेत. अडचण एवढीच, की गावात ते कोणी वाचलेले नसतात आणि डबा लावणारा पोरगा जे बोलेल तोच कायदा होऊन बसतो.

आधी पोरांचं बोलतो, कारण पत्रातली ती ओळ वाचून मला बरं वाटलं.

मी दूरध्वनी खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी यवतमाळ जिल्ह्यातल्या लहान एक्स्चेंजवर. तेव्हा गावात फोन एकच असायचा, बहुधा खताच्या दुकानदाराकडे. लग्नपत्रिकेवर त्याचा नंबर छापायचे आणि पुढे दोन अक्षरं टाकायचे, पी. पी. म्हणजे फोन माझा नाही, शेजाऱ्यांचा आहे, पण तिथे केलात तर मला हाक मारतील. फोन वाजला की दुकानातलं पोरगं धावत सुटायचं, "मावशी, तुमच्या पोरीचा फोन हाये नागपूरहून!" आणि मावशी भाकरीचं पीठ तसंच टाकून पळत यायची. मी लाइन दुरुस्त करायला जायचो तेव्हा त्या काळ्या रिसीव्हरच्या दांड्यावर वाळलेल्या पिठाची बोटं दिसायची. ती पुसून मी डायल टोन बघायचो. खात्याने त्या दुकानदाराला कधी विचारलं नाही की तुझ्या फोनवर दुसरी माणसं का बोलतात. भाडं तो भरत होता, कॉलचे पैसे तो भरत होता, घरात कोणाला येऊ द्यायचं तो त्याचा प्रश्न.

त्याच दुकानदाराने मीटर लावून मिनिटाचे पैसे घ्यायला सुरुवात केली असती, तर मात्र तो पीसीओ झाला असता. त्याला वेगळा अर्ज, वेगळा करार, वर पिवळी पाटी. ही रेषा तेव्हा सगळ्या गावाला ठाऊक होती, आणि इंटरनेटलाही तीच लागू करायला हवी.

तुमच्या ओसरीवरची पोरं म्हणजे आजची पी. पी. आहेत. घरी आलेल्या किती माणसांनी वाय-फाय वापरावं, याचा आकडा ट्रायने (म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) किंवा दूरसंचार विभागाने कुठेही ठरवलेला नाही. कंपनीच्या करारात मात्र काही अटी असतात, त्या तेवढ्या बघायला हव्यात. घरगुती कनेक्शनच्या अर्जात साधारण दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: वापर बिगर-व्यावसायिक असावा, आणि कनेक्शनची पुनर्विक्री करू नये. तुम्ही पैसे घेत नाही, म्हणजे विक्री नाही. पोरांकडून तुम्हाला काही मिळकत नाही, म्हणजे व्यवसाय नाही. आता एखाद्या कंपनीने तिसरीच कडक अट घातलेली असू शकते, म्हणून तुम्ही सही केलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या. प्रत तुमच्याकडे नसणार, हे मी खात्रीने सांगतो. बहुतेक ठिकाणी पोरगा मोबाईलवर आधारचा फोटो काढतो, अंगठा घेतो आणि निघून जातो.

एक खबरदारी मात्र घ्याच. तुमच्या लाइनवरून जे काही होईल त्याची विचारपूस तुमच्या नावाने होते, कारण कनेक्शन तुमच्या नावावर आहे. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' म्हणून सोय असते. पोरांसाठी ते वेगळं सुरू करा, त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि तो दर महिन्याला बदला. त्यामुळे मुलाचं कंपनीचं काम आणि कॅमेरे एका बाजूला राहतील आणि पोरांचे मोबाईल दुसऱ्या बाजूला. अनोळखी माणसाला तो पासवर्ड देऊ नका. आणि उद्या भरतीचे फॉर्म भरून द्यायचे वीस-वीस रुपये घ्यायला लागलात, तर तो धंदा झाला हे लक्षात असू द्या. तेव्हा नेटवाल्याचं म्हणणं बरोबर ठरेल.

यावरून दिराचा प्रश्न. त्याला नाही म्हणा. अर्धे पैसे घेऊन कुंपणाबाहेर वायर देणं, ही करारातली सरळसरळ पुनर्विक्री आहे, मग तो सख्खा दीर का असेना. वेगळं घर, वेगळी चूल, म्हणजे वेगळा ग्राहक. लाइन तोडायला कंपनीला हे एक कारण पुरेसं आहे, आणि ते तुम्ही स्वतःच्या हाताने देऊ नका. दुसरं कारण मी खांबावर चढलेला माणूस म्हणून सांगतो. छतावरून छतावर ओढलेली लॅनची वायर तांब्याची असते. आपल्याकडे मृगाच्या आधी जे कडकडाट होतात, त्यात वीज जवळ पडली तरी या वायरीत दाब चढतो आणि दोन्ही घरचे राउटर एकदम जातात. जळालेले पोर्ट मी कितीतरी पाहिलेत, प्लास्टिक वितळून सोनेरी पिना काळ्या पडलेल्या. फायबर काचेचं असतं, त्यातून हा प्रकार होत नाही. दिराने स्वतःच्या नावाने फायबर घ्यावं. खांब तोच आहे, पेटी तीच आहे, एका दिवसाचं काम आहे.

आणि गल्लीला, गावाला नेट वाटायचंच असेल, पैसे घेऊन, उजळ माथ्याने, तर त्याचीही वाट आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० ला पीएम-वाणी नावाची योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदारसुद्धा 'पब्लिक डेटा ऑफिस' होऊ शकतो. त्याला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, शुल्क लागत नाही. फक्त एका नोंदणीकृत ॲग्रिगेटरशी जोडून घ्यावं लागतं, ग्राहकांची ओळख आणि हिशेब तो सांभाळतो. नावावरूनच कळतं की ही कल्पना पीसीओवरून घेतलेली आहे. सुरुवातीला कंपन्या या दुकानदारांकडून फार महागड्या लाइनचे पैसे मागायच्या आणि योजना तिथेच अडकायची. जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंतचा घरगुती फायबरचा जो प्लॅन असेल, तो अशा दुकानदाराला जास्तीत जास्त दुप्पट दराने द्यावाच लागेल. दिराला हौस असेल तर त्याने हे करावं. तुमच्या नेटवाल्या पोरालाही ही गोष्ट सांगा, त्याला गिऱ्हाईक मिळेल.

आता कॅमेरे. "चालत नाई" हे म्हणणं तर तुमच्याच पत्राने खोटं पाडलंय. कॅमेरे मोबाईलवर छान दिसतात, म्हणजे स्टॅटिक आयपीवाचून चालतायत. मग त्याने ते म्हटलं कशावरून? तर अर्धी गोष्ट खरी आहे, ती अशी.

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते सगळ्या जगाला मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि आशिया-प्रशांत भागाच्या वाट्याचा शेवटचा राखीव गठ्ठा एप्रिल २०११ मध्ये फुटला. गावागावांत फायबर आलं ते त्यानंतर. त्यामुळे कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात आणि आत प्रत्येकाला एक खाजगी नंबर. वसतिगृहात राहणाऱ्या पोरांसारखं समजा. पोराने घरी पत्र पाठवलं तर ते पोचतं आणि उत्तरही त्याच्याच हातात येतं, कारण त्याने पाठवल्याची नोंद असते. पण बाहेरून कोणी नुसत्या वसतिगृहाच्या पत्त्यावर पत्र टाकलं, तर ते कोणत्या खोलीत द्यायचं हे चौकीदाराला कळत नाही. जुने डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे, बाहेरून आत येणाऱ्या अशा हाकेची वाट पाहत बसायचे, म्हणून त्यांना स्वतःचा पत्ता, म्हणजे स्टॅटिक आयपी, लागायचा. अलीकडचे कॅमेरे, जे डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून मोबाईलला जोडतात, ते स्वतःच आतून बाहेर हाक मारतात. त्यांना याची गरज पडत नाही. जुना डीव्हीआर असला तरी त्याच्या सेटिंगमध्ये पी-टू-पी किंवा क्लाउड असा पर्याय बहुधा असतो, तो सुरू केला की भागतं.

तुमच्या घरी काय आहे हे पाहायचं असेल तर मुलाला सांगा, राउटरच्या पानावर जाऊन वॅन आयपी बघ. ते पान बहुतेक डब्यांत १९२.१६८.१.१ या पत्त्यावर उघडतं. तिथला आकडा १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशाने सुरू होत असेल, किंवा पहिल्या टिंबाआधी नुसतं १० असेल, तर तुम्ही वसतिगृहात आहात. त्यात बेकायदा काही नाही. पण ज्या वस्तूची गरज नाही तिच्यासाठी दरमहा पैसे भरायचे नाहीत. मुलाच्या कंपनीचं व्हीपीएन, म्हणजे घरून कंपनीच्या नेटवर्कला जोडणारी खाजगी वाट, चालतंय ना? मग तिथेही काही अडत नाही. नोकरीसाठी ते वापरणं कायदेशीर आहे, कोणी काही म्हटलं तरी.

उरलं ते महिनाअखेरचं मरण. इथे मात्र पोरगा खरं बोलत असावा, आणि दोष तुमच्या कॅमेऱ्यांचा असावा असा माझा दाट संशय आहे. हिशेब करून दाखवतो.

एक चांगला कॅमेरा रात्रंदिवस क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, रेकॉर्डिंग पाठवत असेल, तर सेकंदाला दोन मेगाबिट धरा. म्हणजे दिवसाला साधारण २१.६ जीबी. तुमचे चार, म्हणजे ८६ जीबी. तीस दिवसांचे झाले जवळजवळ २,६०० जीबी. कोणी सिनेमा पाहिला नाही, कोणी अभ्यास केला नाही, नुसती विहीर, गोठा, फाटक आणि शेड यांची चित्रं वर चढत राहिली. त्यावर घरचा टीव्ही, मुलाचे व्हिडिओ कॉल, पोरांचे मोबाईल. आता 'अनलिमिटेड' या शब्दाखाली बारीक अक्षरात काय असतं पाहा: मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच घरगुती प्लॅनला महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते, आणि चढता-उतरता दोन्ही डेटा त्यात धरतात. ती ओलांडली की वेग पाडतात. रोज १३० जीबीच्या आसपास गेले तर पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी तुमचं खातं रिकामं. तुम्ही लिहिता ते चार-पाच दिवस यात बसतात की नाही? तुमच्या कंपनीचा आकडा याहून कमी असेल तर आणखी आधी.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाका किंवा घरात हार्ड डिस्कचा रेकॉर्डर ठेवा, सतत रेकॉर्डिंग त्याच्यावर होऊ द्या. क्लाउडवर फक्त हालचाल दिसली की तेवढाच तुकडा जाईल असं सेटिंग करा. विहिरीवरच्या कॅमेऱ्याला मात्र समोरच्या झाडांचा भाग वगळा, नाहीतर वाऱ्याने पानं हलली तरी तो 'हालचाल' म्हणून पाठवत बसतो. संत्र्याच्या बागेत हे ठरलेलं आहे.

पण ताई, वापर जास्त झाला असला तरी नेटवाला सुटत नाही. अशी मर्यादा लावायचा कंपनीला हक्क आहे, लपवायचा नाही. ऑक्टोबर २०१६ च्या ट्रायच्या निर्देशानुसार तीन गोष्टी ग्राहकाला आणि जाहिरातीतही स्पष्ट सांगाव्या लागतात: मर्यादा किती जीबीची, तोपर्यंत वेग किती, त्यानंतर वेग किती. शिवाय तुमचा वापर ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के झाला की दर वेळी तुम्हाला कळवायचं. तुम्हाला असा एक तरी मेसेज आला का? पत्रात तर उल्लेख नाही. आणि मर्यादा संपल्यावरसुद्धा फायबरसारख्या लाइनवरचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येत नाही, हेही त्याच निर्देशात आहे. २०२३ पासून तर सरकारी व्याख्येत 'ब्रॉडबँड' म्हणवून घ्यायलाच किमान २ एमबीपीएस लागतात. ५१२ केबीपीएसवर व्हॉट्सॲपचा फोटो सावकाश का होईना जातो. तुमचा जातच नाही. म्हणजे एकतर वेग नियमाखाली पाडलाय, नाहीतर लाइनमध्येच काही दोष आहे, आणि दोन्हीचं उत्तर कंपनीने द्यायचं आहे.

म्हणून एक वही करा. मोबाईलवर नको, वहीच. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला, राउटरला लॅपटॉप वायरने जोडून वेग मोजा आणि तारीख-वेळेसह लिहा. वाय-फायवर मोजलेला आकडा कंपनी मान्य करत नाही, भिंतीवर ढकलते. रात्री वेग थोडा उतरेल, तो सगळीकडे उतरतो. एका फायबरवर तीस-बत्तीस, कधी चौसष्ट घरं जोडलेली असतात, आणि तालुक्यापासून गावापर्यंत येणारी वाट सगळ्यांची एकच. त्यावरून तक्रार करू नका. महिनाअखेरच्या पाच दिवसांचे आकडे जपा. मुलाला आणखी एक बघायला सांगा: सगळंच हळू होतं, की एखादं ॲप किंवा एखादी साइटच? एकट्या ॲपची वाट अडवणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे.

तो का, हे थोडक्यात सांगतो, कारण हा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. अमेरिकेत २००७ मध्ये कॉमकास्ट नावाच्या बड्या कंपनीच्या एका साध्या ग्राहकाच्या लक्षात आलं की जुनी गाणी इतरांना पाठवताना त्याची लाइन मध्येच तुटते. बाकी सगळं नीट चालायचं. त्याने बसून नोंदी काढल्या आणि दाखवून दिलं की कंपनी फाइलींच्या एका प्रकारच्या देवाणघेवाणीलाच गुपचूप खीळ घालते आहे. पुढच्या वर्षी तिथल्या नियामकाने कंपनीला दोषी धरलं. तो आदेश २०१० मध्ये कोर्टात टिकला नाही, पण जगभर लोक जागे झाले. आपल्याकडे २०१५ मध्ये कंपन्यांनी काही ॲप फुकट आणि बाकीची पैशाने असा घाट घातला, तेव्हा दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडे गेले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने ॲप पाहून वेगवेगळा दर लावायला बंदी घातली. मोडल्यास दंड दिवसाला ५०,००० रुपये, जास्तीत जास्त ५० लाख. २०१८ मध्ये परवान्यातच अट आली की कायदेशीर मजकुरात भेदभाव करायचा नाही, अडवायचा नाही, हळू करायचा नाही. तुमच्या ओसरीवरचा पोरगा भरतीचा कोणता व्हिडिओ बघतो, यात नेटवाल्याने नाक खुपसायचं नाही, ते या अटीमुळे.

आता त्या पोराशी कसं बोलायचं. मी अशा पोरांना जवळून ओळखतो. लाइन त्याची नसते. परवाना कंपनीचा असतो, हा तिचा स्थानिक भागीदार. तालुक्याहून जेवढा डेटा त्याला मिळतो तेवढ्यात त्याला अख्खं गाव भागवायचं असतं, आणि रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडलं की रात्री बॅटरी घेऊन तोच खड्ड्यात उतरतो. तुमच्यासारखं जास्त वापरणारं घर त्याला जड जातं हे खरं. वरचा कोणी त्याला म्हणाला असेल की बिझनेस प्लॅन खपव. म्हणून त्याला चोर समजू नका. त्याला घरी बोलवा, चहा द्या, कॅमेऱ्यांचं सेटिंग बदलतोय हे सांगा. त्याचं निम्मं ओझं तिथेच उतरेल. धमकीबद्दल तोंडी काही बोलू नका. तो गेल्यावर त्याला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला, दोघांना, हा मजकूर पाठवा:

"माझा ग्राहक क्रमांक अमुक. माझ्या प्लॅनची महिन्याची डेटा मर्यादा किती, तोपर्यंतचा वेग किती आणि त्यानंतरचा वेग किती, हे लेखी कळवावे. मागील तीन महिन्यांचा माझा वापर तारखेनुसार द्यावा. घरी आलेल्या व्यक्तींनी विनामूल्य वाय-फाय वापरण्यास, तसेच स्वतःच्या घराच्या व शेताच्या सुरक्षेसाठी कॅमेरे लावण्यास मनाई करणारी अट माझ्या अर्जात असल्यास तिचा क्रमांक कळवावा. माझ्या अर्जाची प्रत द्यावी. तोपर्यंत माझा प्लॅन बदलू नये व जोडणी तोडू नये."

ग्राहक सेवेला फोन केलात तर तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय ठेवू नका. २०१२ च्या नियमांप्रमाणे तो द्यावाच लागतो. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. फी नाही, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. अनेक जण थेट ट्रायला पत्र लिहितात आणि महिनोन्महिने वाट बघतात. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ती कंपनीकडेच पाठवून देतो. त्यापेक्षा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा, किंवा दूरसंचार विभागाच्या १०६३ वर.

त्याच्याही पुढे जायची वेळ आली तर अमरावतीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, वकील लागत नाही, आणि भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. घटनेपासून दोन वर्षांची मुदत. २००९ च्या एका निकालामुळे फोन-इंटरनेटच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत असं अनेक वर्षं सांगितलं जायचं, मीही माझ्या नोकरीत लोकांना तेच सांगून परत पाठवलंय. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ ला स्पष्ट केलं की चालतात. अजूनही कोणी जुनं सांगून तुम्हाला माघारी फिरवायला लागलं तर ही तारीख त्याच्यापुढे ठेवा.

माझा अंदाज आहे की इथवर जावं लागणार नाही. लेखी प्रश्न गेला की बिझनेस प्लॅनचा विषय बहुतेक वेळा आपोआप थांबतो, कारण अट दाखवायची वेळ त्यांच्यावर येते.

क्लाउडचं सेटिंग बदलायला मुलाला याच रविवारी बसवा. पुढच्या रिचार्जच्या आधीचे पाच दिवस नेट कसं राहिलं ते कळवा. तेव्हाही मेलंच, तर वहीच्या त्या पानांचे फोटो आणि तक्रार क्रमांक मला पाठवा. अपिलाचा अर्ज मी लिहून देतो.